थोडं पूर्वेकडे जड

ठोसरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टेबल हलवून बघायचे. बसायच्या आधी, पाणी घ्यायच्या आधी. दोन बोटं कडेवर ठेवायची, हलकेच दाबायची, आणि टेबल डुगडुगलं की चेहरा असा करायचे, की घरातलं कुणीतरी आजारी असल्याचं नुकतंच कळलंय. मग खिशातून जुनं तिकीट नाहीतर काड्यापेटीचं पुठ्ठ्याचं कव्हर निघायचं, घडी व्हायची आणि पायाखाली जायची. लखनौतल्या किमान वीस घरांत त्यांनी घातलेल्या घड्या अजून असतील. माझ्याकडे आले तेव्हा माझं जेवणाचं टेबल, कपड्यांचं कपाट आणि गॅसची शेगडी अशा तिन्ही गोष्टी त्यांनी सरळ केल्या, आणि मग विचारलं, "नाव काय म्हणालीस तुझं?"

महानगरमधल्या त्या घराच्या तळमजल्यावर मी भाड्यानं राहायला आले होते. वर काका-काकू. मी इथल्या एका संशोधन संस्थेत मोहरीच्या दाण्यांवर काम करते, म्हणजे दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. मूळची सांगलीची. मराठी माणूस वरच्या मजल्यावर आहे हे कळल्यावर मला आनंद वगैरे काही झाला नाही, खरं सांगते. वाटलं, आता हे रोज पोहे घेऊन येणार आणि लग्नाचं विचारणार. दोघांनीही कधी विचारलं नाही. त्यांना दुसरे उद्योग होते.

पहिल्याच आठवड्यात जिन्याला एक पुठ्ठ्याची पाटी लटकलेली दिसली. वर मराठीत आणि खाली हिंदीत लिहिलं होतं: साडेसात ते साडेआठ जिना चढू नये. मी मुद्दाम चढले. कपडे वाळत होते माझे गच्चीत, आणि कुणी मला माझ्या भाड्याच्या घरात जिना चढू नको म्हणतं म्हणजे काय! वर अंधारात एक बाई तिपाईवर बसली होती, एक डोळा मिटून, दुसरा मोठ्या नळीला जोडलेल्या एका बारीकशा दुर्बिणीला लावून, आणि हात एका पितळी गुंडीवर. एक उंच माणूस घड्याळाकडे बघत उभा होता. माझं पाऊल पडताच बाई न हलता म्हणाली, "आली बघा कुणीतरी. उडाला तारा."

"उडाला?" काका.

"उडाला, आणि परत बसला. हलकी आहे मुलगी. चालेल."

ही कुसुमकाकूंशी माझी पहिली ओळख.

काकांची दुर्बीण फार मोठी नव्हती. दुर्बिणीचं त्यांना कौतुकही नव्हतं. "नळी कुणीही विकत घेतं," म्हणायचे. त्यांचा जीव होता ती नळी ज्याच्यावर बसते त्या माउंटमध्ये. इक्वेटोरियल माउंट. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, एवढं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. काका म्हणायचे, मग आपणही सरकावं की. एक आस घ्यायचा, तो पृथ्वीच्या आसाला समांतर तिरका बसवायचा, आणि त्यावर दुर्बीण एका संथ चाकानं उलट फिरवत राहायची. तारा दुर्बिणीत जागचा हलत नाही. मग दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला तरी फोटोत तारा ठिपकाच राहतो, रेघ होत नाही. लखनौत तो आस जमिनीपासून सत्तावीस अंशांहून जरा कमी असा वर उचलायचा. हे काकांनी मला चार वेळा समजावलं, आणि चारही वेळा माझ्या चमच्यांचा आस केला.

रेल्वेच्या वर्कशॉपात आलमबागला त्यांची उभी नोकरी झाली होती. माउंटचं सगळं लोखंड त्यांनी भंगारातून जमवून घडवलं. फक्त मोठं पितळी चाक, एकशेऐंशी दातांचं, आणि त्याला फिरवणारा आटेवाला दांडा, हे चिनहटच्या रफीक मिस्त्रींनी त्यांच्या खरादवर, म्हणजे लेथवर, कापून दिलं होतं. तो दांडा केसभर वाकडा निघाला. काही लक्षात यायचं नाही, पण दर आठ मिनिटांनी, म्हणजे दांड्याचा एक फेरा झाला की, तारा थोडा पश्चिमेला सरकायचा आणि परत यायचा. रफीकभाई म्हणाले, साहब, दूसरा बना देता हूँ. काका म्हणाले, बना दो. पण दुसरा होईपर्यंत काकूंना पहिल्याची सवय लागली. त्या तिपाईवर बसून गुंडी फिरवत ताऱ्याला जागेवर ठेवायच्या, आणि सातवं मिनिट संपता संपता म्हणायच्या, "आता हा जाणार." आणि तो जायच्या आधीच गुंडी उलटी वळवायच्या. तारा बिचारा हलूच शकायचा नाही. दुसरा दांडा आला, तो तेल लावून कपाटात गेला, आणि तिथेच राहिला.

"आजकाल हे काम करणारा कॅमेरा मिळतो, काका," मी एकदा म्हटलं. माझ्या संस्थेतल्या पोरांनी सांगितलं होतं.

"मिळतो."

"मग?"

"मग ही काय करेल साडेसात ते साडेआठ?"

काकू आतून ओरडल्या, "मी काय करेन? मी आरामात सिरियल बघेन! विचारा ना एकदा!" काकांनी कधीच विचारलं नाही, आणि काकूंनी कधी टीव्ही लावला नाही.

त्या खांबाबद्दलही सांगायला हवं. गच्चीत मधोमध काकांनी सिमेंटचा जाड खांब ओतून घेतला होता, वर तिरकी लोखंडी बैठक. माउंट झाकलेला नसला की तो सगळा प्रकार खालच्या गल्लीतून काहीतरी भलताच दिसायचा. एका सोमवारी सकाळी काका वर गेले तर खांबावर बेलपत्र, पांढरी फुलं आणि तांब्याभर पाणी ओतलेलं. कामवाली रामकली. तिला वाटलं साहबांनी गच्चीत महादेव बसवलाय आणि कुणी पूजाच करत नाही. काका रागावले नाहीत. तिला खाली बसवून समजावलं, की रामकली, फूल चढाओ, जल मत चढाओ, जंग लगता है. तिनं मान डोलावली. त्यानंतर दर सोमवारी तिथं एक कोरडं फूल असायचं, आणि काका ते नीट उचलून कठड्यावर ठेवून मगच कामाला लागायचे.

लग्नांच्या दिवसांत शेजारच्या मैदानात रोज बारात. ढोल वाजला की खांब थरथरायचा. एकदा काका खाली उतरून वराच्या बापाकडे गेले. मला वाटलं आता भांडण. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "भाई साहब, खूब बजाइए. बस एक ही ताल में बजाइए. हमारी मिसेज़ ताल पकड़ लेंगी." तो माणूस इतका चक्रावला की त्यानं ढोलवाल्यांना खरंच एकच ताल धरायला लावला. वर काकू ठेक्यावर गुंडी वळवत होत्या आणि इतक्या हसत होत्या, की त्या रात्रीचा फोटो वाया गेला.

काकांचं एक वाक्य मात्र नेहमीचं होतं. नवीन कुणी गच्चीत आलं, कॉलेजातली पोरं, माझे सहकारी, कुणीही, की ते दुर्बिणीची आणि वजनांची दांडी दाखवून विचारायचे, "समतोल कसा पाहिजे?" समोरचा म्हणायचा, अगदी बरोबर, काट्यासारखा. काका खूश व्हायचे. "चूक! थोडं पूर्वेकडे जड पाहिजे. अगदी समतोल केलात तर चाकाला दाबच राहत नाही. दात दातांवर टेकतच नाहीत. वारा आला, इकडे. कुणी चाललं, तिकडे. जड असलं की टेकून राहतं, आणि टेकून राहिलं की नीट चालतं." हे त्यांच्या वहीतही पहिल्या पानावर लाल शाईनं होतं. वजन कुठे बसवायचं त्याची दांडीवर लाल रंगाची खूणही होती. काका प्रत्येक गोष्टीवर खूण करायचे. साखरेच्या डब्यावरसुद्धा होती.

त्या थंडीत त्यांनी एक मोठा फोटो घ्यायला काढला होता. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, तलवारीसारख्या लटकलेल्या तीन बारीक ताऱ्यांमधला. कॅमेरा काळा-पांढरा, समोर लाल काच लावून काही संध्याकाळी फोटो घ्यायचे, मग हिरवी, मग निळी, आणि शेवटी तिन्ही एकत्र बसवले की रंग येतो. डिसेंबर-जानेवारी इथं धुक्यातच जातात, तेव्हा काम फेब्रुवारीत सुरू झालं. लाल झाला. हिरवा झाला. मार्चमध्ये काकूंचा गुडघा सुजला आणि तिपाईवर बसवेना, तोवर मृग पश्चिमेच्या इमारतीमागे गेलाच.

"निळा राहिला," काकू उन्हाळाभर म्हणायच्या. सब्जीवाल्याशी भाव करता करता मध्येच माझ्याकडे वळून, "निळा राहिला बघ आमचा." भिंतीवर त्या फोटोसाठी जागासुद्धा मोकळी केली होती. तिथं खिळा होता नुसता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी भेंडी निवडता निवडता काकू खाली कोसळल्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत गेल्या होत्या.

अश्विनी, त्यांची मुलगी, पुण्याहून आली. ती लखनौत वाढलेली. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. दिवस झाले. लोक येत होते, जात होते. काका सगळ्यांना चहा विचारत होते. "ठीक आहे," म्हणत होते. हिंदीवाल्यांना "ठीक है जी." आवाज चढला नाही, पडला नाही. मला रडू आलं नाही. मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. त्या भेंडीचा असेल. कोण जाणे. आतून मी सुद्धा बधिर झाले होते, आणि काम करत होते. तेराव्या दिवसानंतर काका माझ्याकडे खाली जेवायला आले. फरशी बदलल्यापासून माझं टेबल परत डुगडुगत होतं. काकांनी त्यावर हात ठेवला, टेबल कलंडलं, वाटीतली आमटी सांडली. त्यांनी हात उचलला आणि दुसरीकडे ठेवला. बस. जेवले आणि वर गेले. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

अश्विनीनं ठरवलं, बाबांना पुण्याला न्यायचं. वरचा मजला विकायचा, मार्चअखेर ताबा. काकांनी "ठीक आहे" म्हटलं. फक्त एक अट घातली: फेब्रुवारी होऊ दे. निळा घ्यायचाय. अश्विनी काकूंचं स्वयंपाकघर आवरून गेली, भांडी वाटली. मला काकूंचा लोखंडी खलबत्ता दिला. "दीदी, ये आप रख लीजिए. मम्मी इसमें आपकी चाय के लिए अदरक कूटती थीं." बत्त्याच्या मानेला परकराच्या नाडीचा एक फास बांधलेला होता. का, ते मला कळलं नाही. काकूंनी बांधलाय म्हणून मी तो सोडला नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी त्याच बत्त्यानं आलं ठेचायचे.

फेब्रुवारीत आकाश मोकळं झालं. काकांनी माउंटवरचं कापड काढलं, तेलपाणी केलं, वजन लाल खुणेवर आणलं, निळी काच बसवली आणि मला हाक मारली. "मेधा, तू बस तिपाईवर. सूक्ष्मदर्शकाची सवय आहे तुला."

बसले. डोळा लावला. बारीक तारेच्या फुलीवर तारा होता. आणि तो नाचत होता. सरकत नव्हता, काकू सांगायच्या तसा, नाचत होता. मी गुंडी उजवीकडे नेली की तो आधी काहीच करायचा नाही, आणि मग एकदम उडी मारायचा. डावीकडे तेच. पहिल्या संध्याकाळचे सगळे फोटो वाया गेले. ताऱ्यांच्या जागी किडे उमटले होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी चाक खोललं, रॉकेलनं धुतलं, नवं ग्रीस भरलं. संध्याकाळी तेच. मोटार बदलली. तेच. वही काढून पहिल्या पानापासून एकेक ओळ तपासली, शेजारी बरोबरच्या खुणा करत. एकूण एक गोष्ट वहीप्रमाणे होती. तेच. कपाटातला दुसरा दांडा, तो न वापरलेला सरळ दांडा, तोसुद्धा बसवून पाहिला. तारा नाचतच राहिला. पहिला दांडा त्यांनी परत बसवला.

सहाव्या दिवशी म्हणाले, "हात हलतोय तुझा."

मी ताडकन उठले. "माझा हात? काका, मी दिवसभर मोहरीच्या दाण्याचे काप धरते! पाच लोकांत एकटी मी आहे जिचा हात हलत नाही!"

"मग काय हलतंय?"

"मला काय माहीत? तुमचं यंत्र आहे!"

"यंत्र वहीप्रमाणे आहे."

"मग वहीत चूक आहे!"

असं मी म्हणायला नको होतं. काका उलट बोलले असते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दुर्बिणीवर कापड घातलं, चारही कोपरे नीट बांधले, आणि म्हणाले, "राहू दे. दोन रंग पुरेत." ज्या आवाजात ते पाहुण्यांना चहा विचारत होते त्याच आवाजात.

आठ दिवस मी वर गेले नाही. अच्छा, नाही तर नाही, असं म्हणत आदळआपट करत राहिले. मृग रोज थोडा थोडा पश्चिमेला कलत होता. अंगणातून मला दिसायचा. तो इमारतीमागे गेला की संपलं. पुढच्या थंडीत ही गच्ची आमची नसणार होती.

मग एक रविवार. सकाळी चहा ठेवला, आलं ठेचायला घेतलं, आणि बत्त्याची नाडी बोटाला लागली. बोट काळं झालं. मी धुतलं, निघेना. वास घेतला. ग्रीस. तेच काकांचं ग्रीस, ज्याचा वास आठवडाभर माझ्या स्वेटरला येत होता. इतके महिने मी तो बत्ता वापरत होते, आणि नाडीच्या आतल्या वळीत जुनं, सुकलेलं ग्रीस होतं हे मी पाहिलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या बत्त्याला ग्रीस कुठून?

मला आठवलं, संध्याकाळी काकू जिना चढायच्या तेव्हा त्यांच्या हातात पदरात गुंडाळलेलं काहीतरी असायचं. मला वाटायचं, सुपारीचा डबा असेल.

गॅस बंद केला आणि तशीच वर गेले. काका पेपर घेऊन बसले होते. पेपर कालचा होता. मी बत्ता त्यांच्यापुढे ठेवला. "काका, हा माउंटला कशासाठी लावायचात?"

त्यांनी बत्त्याकडे पाहिलं. मग नाडीचा फास दोन बोटांत धरून उचलला, त्याचं वजन हातावर तोललं, आणि सपाता घालून गच्चीत गेले. मी मागे. त्यांनी कापड काढलं. आसाचा स्क्रू ढिला केला. दुर्बीण जिथे होती तिथेच राहिली. हातानं पूर्वेला केली, तिथेच राहिली. पश्चिमेला केली, तिथेच. काट्यासारखा समतोल. मग काकांनी बत्ता वजनाच्या दांडीला, पूर्वेच्या बाजूला, अडकवला. फास बरोबर तिथल्या एका खाचेत बसला. दांडी हळूहळू खाली जाऊ लागली. पूर्वेकडे.

काका पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसले.

"पहिल्या वर्षी वजन जरासं कमी पडत होतं," ते म्हणाले. "मी छोटं वजन शोधत होतो. ही म्हणाली, बत्ता देऊ? आज चालवा, उद्या करा तुमचं वजन. मी लाल खूण केली ती बत्ता लावून. वहीत वजन लिहिलं, खूण लिहिली. बत्ता नाही लिहिला. तो काय, उद्या बदलायचाच होता. मग रोज संध्याकाळी ही घेऊन यायची. लावायची. सकाळी चहाला लागतो म्हणून रोज खाली न्यायची. बावीस वर्षं. मला दिसायचाच बंद झाला गं तो. मी लोकांना सांगत होतो, पूर्वेकडे जड ठेवा, पूर्वेकडे जड ठेवा. ठेवत होती ती."

आणि मग काका रडले. सकाळच्या दहाच्या उन्हात, खाली गल्लीत भंगारवाला ओरडत असताना, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. ऑगस्टपासूनचं सगळं. मला वाटलं, पाठीवर हात ठेवावा. ठेवला नाही, मला जमत नाही ते. मी तिथेच शेजारी बसून राहिले, आणि मलाही रडू आलं. मी एवढे महिने काकूंच्या त्या वजनानं आलं ठेचत होते आणि वरती हा माणूस चाकं धूत होता.

तीन संध्याकाळी मिळाल्या आम्हाला. तारा फुलीवर असा बसला, की मला वाटलं काच रंगवलेली आहे. गुंडी वळवली की तेवढाच ऐकायचा. फक्त आठव्या मिनिटाला माझ्या हातून निसटायचा. काकू आधीच ओळखायच्या, मला कळायचं निसटल्यावर. काका मागे घड्याळ घेऊन उभे होते. तिसऱ्या संध्याकाळी सातवं मिनिट संपता संपता अंधारातून म्हणाले, "आता हा जाणार." मी गुंडी वळवली. नाही गेला.

निळा झाला. काकांनी लॅपटॉपवर तिन्ही रंग एकावर एक बसवले. मेघ उमलल्यासारखा दिसत होता. जवळून पाहिलं तर निळ्या ताऱ्यांना बारीक शेपट्या होत्या.

"ह्या तुझ्या," काका म्हणाले.

"काढून टाका ना, काढता येतात म्हणे."

"येतात," म्हणाले, आणि काढल्या नाहीत. फोटो त्या खिळ्यावर दहा दिवस राहिला, मग गुंडाळून सामानात गेला.

माउंट पुण्याला नेला नाही. त्याची बैठक लखनौच्या अंशात कापलेली. पुण्यात आस आठ अंशांनी खाली आणावा लागला असता. रफीकभाई चिनहटहून टेम्पो घेऊन आले. आपलंच चाक इतक्या वर्षांनी बघून त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि दांड्यातला तो केसभर बाक अजून आहे का विचारलं. काका म्हणाले, आहे, आणि तो काढू नका. मग कागदावर वजनाची खूण, तेल कधी, ग्रीस कुठलं, सगळं लिहून दिलं. शेवटी लाल शाईनं लिहिलं: पूरब की तरफ़ थोड़ा भारी, घर का बट्टा टाँगिए. रफीकभाईंनी दोनदा वाचलं आणि कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी काका माझ्याकडे खाली आले. टेबलाला दोन बोटं लावली. चेहरा केला. खिशातून काड्यापेटीचं कव्हर काढलं, वाकताना गुडघे वाजले, आणि घडी पायाखाली गेली. मग म्हणाले, "खल ठेव तू. बत्ता मी नेतो. चालेल?"

"आलं कशानं ठेचू मी?"

"किसणी आण."

स्टेशनवर मी गेले होते. अश्विनी पुढे, दोन्ही बॅगा हमालाच्या डोक्यावर, त्याच्यामागे ती फोनवर डबा नंबर बघत. काका मागून. गर्दीत मला ते पाठमोरे दिसत होते. त्यांच्या सदऱ्याचा डावा खिसा खाली ओढला गेला होता, आत काहीतरी लांबट आणि जड, आणि खांदाही त्या बाजूला उतरला होता. अश्विनीनं मागे वळून पाहिलं.

"बाबा, वो बैग में डाल दीजिए ना! और झुक क्यों रहे हैं? सीधे चलिए."

काकांनी खिशावर हात ठेवला. "राहू दे गं," म्हणाले. "एका बाजूला जड असलं, की मी हलत नाही."